चेंडूला मडकं समजा

संपादकांनी कळवलं, खेळाच्या बाई म्हणून केलेल्या नोकरीबद्दल लिहा, सुरुवातीपासून, क्रमाने. क्रमाने लिहायला तो आठवायला तर हवा! मला आठवतात ते धक्के. त्यातला पहिला धक्का चामड्याचा होता, तपकिरी होता आणि दोन्ही टोकांना निमुळता होता.

जालन्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या शाळेत, ओसरीवरच्या टेबलावर तो ठेवलेला होता. निजामाची राजवट होती, पोलीस ॲक्शनला अजून दोनेक वर्षं अवकाश होता. मी विशीतली कुंभारीण. त्या वस्तूकडे पाहिलं आणि मला तिची दयाच आली. चाकावरून उतरवताना हात हलला की मडकं असंच लांबतं. माझं माहेर कुंभार पिंपळगावचं, बिघडलेली मडकी मी लहानपणापासून बघत आलेली. असं मडकं ओलं असतानाच आतून दगडी गुंडा धरतात, बाहेरून लाकडी थापीने ठोकतात आणि गोल करून घेतात. इथे गुंडा घालायला तोंडच सापडेना. थापी मात्र कमरेला खोचलेली होती, घरून तशीच उठून आले होते. मग त्या काशीने (ती काशी म्हणजे मीच, पण तिला ‘मी’ म्हणायला अजून जीभ कचरते) चेंडू मांडीवर घेतला आणि बाहेरूनच बडवायला सुरुवात केली. इकडून ठोकला की तिकडून फुगे.

तेवढ्यात शाळेच्या मोठ्या बाई आल्या. विलायतेच्या, उंच, मराठी अगदी पुस्तकातलं.

“बाई, आपण त्याला का मारीत आहात? त्याने काय अपराध केला?”

“वाकडा झालाय जी. गोल करून देते.”

मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या. माझ्या मांडीवरचा चेंडू काढून घेतला.

“तो तसाच असतो,” शेवटी म्हणाल्या.

“जल्मापासून?”

“जन्मापासून.”

आता कुंभारणीचं शाळेत काय काम, ते सांगते, म्हणजे या चेंडूच्या जरा आधीचं. आमच्या यांचा उजवा हात आव्यात भाजला होता. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. बोटं एकमेकांना चिकटून आखडली, चाक सुटलं. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा सोय नव्हती, आता घेते: सोपान. ते गेल्यापासून मी मुद्दाम दिवसातून एकदा तरी घेतेच. तर मी दुसऱ्यांकडे मडकी थापायची आणि सोपान आणि मी त्यांच्याच आव्यातली मडकी गाडीत घालून विकायचो. त्यात कसंबसं भागायचं, आणि बरेचदा नाहीच.

त्या शाळेत माठ पोचवायला गेलो होतो. सोपान गाडीत उभा राहून डाव्या हाताने मडकं फेकायचा, मी खाली झेलून पाचटावर मांडायची. आमच्यात हे सगळ्यांनाच येतं. आवा उकलला की बायामाणसं रांग धरतात, मडकं हातोहात मागे मागे जातं आणि रांगेच्या शेवटी मांडणारी ते ठेवते. मोठ्या बाई ओसरीतून बघत होत्या. सोपानने त्यांना दाखवायला म्हणून एक मडकं उंच उडवलं. मी ते झेललं, तेव्हा बाईंनी तोंडावर हात ठेवला होता.

त्यांच्या भावांचा एक खेळ होता, रग्बी. तो मऊ करून त्यांना मुलींना शिकवायचा होता. धरपकड, पाडापाडी काढून टाकलेली, पळणारीला नुसता अंगाला हात लावून थांबवायचं. पण मुलींकडे चेंडू आला की त्या किंचाळून तोंड झाकत.

“माझ्या मुलींना झेलणे शिकवाल काय? पगार मिळेल.”

संध्याकाळी घरी सोपानला सांगितलं.

“चेंडू झेलायचा पगार?” तो म्हणाला. “आन् फुटला म्हंजी? भरून कोन दील?”

“फुटत न्हाई म्हने.”

“फुटत न्हाई तर झेलायचा कशापायी? पडू द्यावा की!”

मी भाकऱ्या थापायला बसले.

पण पगाराची गोष्ट सोपी नव्हती. शाळेची कमिटी होती आणि कमिटीवर एक वकीलसाहेब होते, शेरवानी, उंच टोपी, छडी. कुंभारणीला मास्तरीण करायचं ऐकून त्यांच्या भुवया टोपीत गेल्या. मला समोर उभं केलं.

“बात साफ हाय, बाई. हिवाळ्यात औरंगाबादच्या शाळेच्या पोरी खेळायला येणार. कमिटी बघायला बसंल. तुमी झेलायला शिकवणार ना? मंग आमच्या पोरींच्या हातून चेंडू जमिनीवर पडला न्हाई पाहिजे. न्हाई पडला, तर नोकरी पक्की. पडला, तर आपली गाडी, आपली मडकी. मंजूर?”

काशी म्हणाली, “बिलकुल मंजूर.” त्या भवानीने तोवर हा खेळ एकदाही पाहिला नव्हता!

दुसऱ्या दिवशी पाहिला. मोठ्या बाईंनी समजावून सांगायला चेंडू काखेत मारला, झगा दुसऱ्या हाताने उचलला आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धूम पळाल्या. पलीकडच्या चुन्याच्या रेषेपुढे गेल्या आणि चेंडूसकट जमिनीवर आडव्या झाल्या. मी बोंबच ठोकली, मला वाटलं बाईंना फेफरं आलं. त्या गवतावर पडूनच म्हणाल्या, “रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की असा गुण मिळतो.” एवढी शिकलेली बाई, पोरींसमोर, भरदिवसा, जमिनीवर! मग त्यांनी नियम सांगितला, हातातला चेंडू पुढे फेकायचा नाही, फक्त मागे. आपण पुढे पळायचं आणि चेंडू मागे द्यायचा. हा खेळ काढणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसणार, याबद्दल माझी खात्री पटली. त्यातलं ‘मागे द्यायचा’ तेवढं मात्र मला पटकन समजलं. आव्याची रांगच ती! ‘पळायचं’ हे मी ऐकलं आणि सोडून दिलं.

आता झेलायचं कसं, ते सांगते, कारण लोकांना वाटतं झेलणं हे हाताचं काम आहे. मडकं यायच्या आधी हात पुढे गेलेले असले पाहिजेत, बोटं फाकलेली, भाकरी थापताना असतात तशी. फेकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, मडक्याकडे बघायचं. हाताला लागलं की हात तिथेच रोखायचे नाहीत, मडक्याबरोबर मागे न्यायचे, पोटाशी. रोखलेल्या हातावर मडकं फुटतं आणि चेंडू उसळतो. मडकं काठाला धरायचं नाही, पोटाला धरायचं. चेंडूही टोकाला नाही, पोटाला. वरून येणाऱ्याखाली छाती पुढे करून उभं राहायचं नाही, कूस वळवायची. आणि चांगल्या झेलाला आवाज नसतो. फट्ट वाजलं की समजावं, हात चुकले.

पोरींना मी चेंडू दिलाच नाही. मडकी दिली. फुटकी, काठ गेलेली, आव्यात तडकलेली, सोपान गाडी भरून आणायचा. पहिले काही दिवस अंगणात खापरांचा सडा पडला, झाडणारी मावशी मला ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या द्यायची. हळूहळू खापरं कमी झाली. हात तयार होत गेले.

एक पोरगी सोडून. जुबेदा. अत्तरवाल्याची मुलगी, बारा-तेरा वर्षांची, काटक, चुणचुणीत, बोलायला पटाईत. पण काही अंगावर आलं की डोळे गच्च मिटायची.

“जुबेदा, डोळे उघड!”

“खुल्लेच हैं बाई.”

“मंग मडकं कोन्या बाजूनं आलं?”

“बाजूसेच आया की!”

ओरडून बघितलं, गोड बोलून बघितलं. शेवटी सोपानला म्हटलं, मडक्यांवर गेरूनं चित्रं काढा, एकेकावर एकेक. मडकं हवेत असतानाच जुबेदाने ओरडून सांगायचं काय काढलंय ते. डोळे मिटून कशी सांगेल? सोपानने डाव्या हाताने चित्रं काढली.

“बिल्ली!” जुबेदा ओरडायची.

“मोर हाय त्यो!” सोपान भडकायचा.

“ये मोर? इसकू पंख किधर?”

“तू झेल आधी, मंग पंख मोज!”

भांडता भांडता ती डोळे उघडे ठेवायला शिकली. आणि एकदा उघडल्यावर तिच्यासारखे हात शाळेत दुसऱ्या कुणाचे नव्हते. मडकं तिच्या हातात यायचं ते कापसात पडल्यासारखं.

मग मी चेंडू काढला. आणि काय सांगू! मडकी झेलणाऱ्या त्याच पोरींच्या हातून चेंडू धपाधप पडायला लागला. जुबेदाच म्हणाली, “बाई, ये फुटता न्हाई ना. डर न्हाई लगता. फिर हाथ कायकू जल्दी करंगे?”

खरं होतं. सोपान पहिल्या दिवशी हेच म्हणाला होता. सामना जवळ आलेला, वकीलसाहेब एकदा येऊन कुंपणापलीकडून बघून गेलेले, तेही पोरींच्या हातून चेंडू सांडत असताना. छडी हलवत निघून गेले. त्या रात्री काशीला झोप आली नाही, आणि सकाळी तिने आयुष्यातला सर्वांत हुशार विचार केला, असं तिला वाटलं.

“पोरींनो,” मी म्हणाले, “आजपासून चेंडूला मडकं समजा. बिलकुल मडकं. तशीच रांग, तसाच झेल. हातात आला की हिसका द्यायचा न्हाई, उड्या मारायच्या न्हाईत, पळायचं तर न्हाईच. अलगद मागच्या पोरीकडं द्यायचा.”

जादू झाली. चेंडू पडायचा बंद झाला. रांगेतून तो असा सरकायचा की बघत राहावं. मोठ्या बाई त्या दिवसांत तापाने अंथरुणावर होत्या. खिडकीतून त्यांना फक्त हात दिसायचे, पडला नाही की त्या टाळ्या वाजवायच्या.

औरंगाबादच्या मुली रेल्वेने आल्या. निळे झगे, कमरेला पट्टे, पायात बूट. आमच्या पोरींनी ओढण्या कमरेला बांधलेल्या, पाय उघडे. कमिटी मंडपात खुर्च्यांवर. वकीलसाहेब मधोमध. सोपान गाडीशी उभा होता, भाजलेला हात फेट्याच्या शेमल्यात गुंडाळून. मी कडेला.

शिट्टी झाली. त्यांच्या पोरीने चेंडू लाथेने उंच उडवला. आमच्या पहिल्या पोरीने कूस वळवली आणि झेलला. आवाज नाही! मंडपातून ‘वा!’ आलं. निळ्या पोरी अंगाला हात लावायला धावल्या, तोवर चेंडू मागच्या पोरीकडे. तिने झेलला, मागे. तिच्या मागचीने झेलला, मागे. काय ते हात! मोठ्या बाई शाल गुंडाळून उभ्या राहिल्या, त्यांचे डोळे चमकत होते. चेंडू मागे, मागे, मागे, आमच्याच रेषेकडे. आणि रेषेच्याही पलीकडे जुबेदा बसली होती. तिचे हात सगळ्यांत भरवशाचे, म्हणून मी तिला मांडणारी केलं होतं. तिने चेंडू घेतला. खाली गवत उपटून चुंबळ करून ठेवली होती, तिच्यावर तो हळूच टेकवला. एका टोकावर उभा केला. मग वाकली, कान लावला आणि मधल्या बोटाने टिचकी मारून बघितली, कुठे तडकला तर नाही ना.

मैदानावर कुणीच हललं नाही. निळ्या पोरीसुद्धा नाहीत. शिट्टी वाजवणारा मास्तर शिट्टी तोंडात धरून तसाच उभा.

“हे काय आहे?” मोठ्या बाई इतक्या हळू बोलल्या की मला जास्त भीती वाटली.

मला आता कुठे दिसलं काय आहे ते. आम्ही आवा उकलत होतो. उत्तम उकलत होतो. आपल्याच रेषेमागे चेंडू ठेवला की पुढची चाल समोरच्यांची, तीही आमच्या उंबऱ्यापासून. निळ्या पोरी दोन उड्यांत रेषा ओलांडून चेंडू टेकवायच्या आणि गुण घ्यायच्या. पुन्हा चेंडू उडायचा, पुन्हा आमच्या पोरी एकही न सांडता तो मागे आणायच्या, जुबेदा पुन्हा चुंबळीवर ठेवायची, पुन्हा टिचकी. मंडपात आधी हसले, मग हसायचेही थांबले.

मधल्या सुट्टीत मी पोरींमध्ये घुसले.

“अगं पळा की! चेंडू घेऊन पुढं पळा!”

“बाई, तुमीच बोले ना, पळायचं न्हाई?” जुबेदाचे डोळे वाटीएवढे.

“म्हनले. आता पळ म्हनते!”

“मडकं लेके?”

“हो! मडकं घिऊन!”

सगळ्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी देवळात चपला घालून या म्हटलं असतं तरी त्यांना एवढा धक्का बसला नसता. त्यांना जन्मापासून घरात काय सांगितलेलं? पळू नको. शाळेत मी भेटले, तर मीही तेच.

सुट्टीनंतर मी जुबेदाला पुढे उभं केलं. चेंडू आला, तिने झेलला, माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हातांनी ‘जा!’ केलं. आणि पोरगी सुटली. बाई गं, काय सुटली! ओढणी उडाली, वेणी उडाली. निळ्या पोरींची बोटं तिच्या सावलीलासुद्धा लागली नाहीत. मंडप उभा राहिला. मी ओरडत होते, सोपान गाडीवर चढून ओरडत होता. तिने रेषा ओलांडली.

आणि थांबली नाही.

रेषेपलीकडे काय करायचं, ते मी सांगितलंच नव्हतं. जुबेदा शाळेच्या फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली. चेंडू तिच्याकडे, खेळ बंद. फाटकाकडे बघत सगळे उभे. सोपानने गाडी जुंपली आणि तिच्या मागे गेला. थोड्या वेळाने परत आला. जुबेदा गाडीत बसलेली, मांडीवर चेंडू, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला.

“पार मोंढ्याच्या बाजारापोतर गेल्ती,” सोपान सांगत होता, “हमालांनी वाट दिली!”

“गिराया न्हाई, बाई,” ती मला म्हणाली. घामाने थबथबलेली, चेहऱ्यावर ऊन मावत नव्हतं.

जिथे ठेवायचा नव्हता तिथे तिने सुट्टीपर्यंत ठेवला, आणि जिथे ठेवायचा होता तिथे टेकवलाच नाही. त्यामुळे गुण नाही. आमच्या नावावर भोपळा.

खेळ संपल्यावर कमिटीने मला मंडपात बोलावलं. माझी नजर वर होईना. घरी भाजलेला हात, रिकामी गाडी, आणि त्या पगारावर मी मनात काय काय मांडून ठेवलं होतं. वकीलसाहेबांनी छडी टेकली.

“बाई, वकिलीत उमर गेली, पण अशी हार पाहिली न्हाई. पोरी जीव लावून आपल्याच घराकडं चेंडू नेऊन राह्यल्या!”

“चुकलं जी,” काशी म्हणाली.

“काही चुकले नाही,” मोठ्या बाई मागून म्हणाल्या. त्यांना धाप लागत होती. “वकीलसाहेब, आपली अट काय होती?”

“अट?”

“चेंडू पडता कामा नये. आज आमच्या मुलींच्या हातून चेंडू किती वेळा पडला?”

वकीलसाहेबांनी शेजारच्या मेंबराकडे बघितलं. त्याने नकारार्थी मान हलवली. औरंगाबादच्या पोरींच्या हातून पडला होता, जिंकूनसुद्धा. आमच्या पोरींच्या हातून एकदाही नाही.

“पण हा काय खेळ झाला?” वकीलसाहेब म्हणाले.

“खेळाची अट आपण घातली नव्हती.”

मला वाटलं आता छडी बसते. पण माणूस हाडाचा वकील होता. स्वतःच्याच शब्दात अडकल्यावर त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं असावं. मिशीत हसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “मंजूर. नोकरी पक्की.”

मला रडू फुटलं, लाज सोडून. सोपान गाडीशी उभा होता. त्याला हातानेच सांगितलं, झालं. तो खाली बसला, बैलाच्या पायाशीच.

मोठ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आता नोकरी पक्की. उद्यापासून आपण त्यांना पळणे शिकवा.”

माझं रडं जागच्या जागी थांबलं. लग्न झाल्यापासून मी पळाले नव्हते. लग्नाआधीही, नहाण आल्यापासून नाही. पळायचं कसं, हे मला ठाऊकच नव्हतं. हे त्यांना सांगावं तर नोकरी आत्ताच मिळालेली!

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत सोपानला घेऊन मैदानावर गेले. कुणी नव्हतं. तो कडेला बसला. मी काष्टा खोचला, देवाचं नाव घेतलं आणि निघाले. जरा वेळाने मागून हसू ऐकू आलं.

“अगं, ते हात बग तुझे!”

बघितलं. दोन्ही हात पुढे धरलेले, पोटाशी, गोल. हातात काहीच नव्हतं.

“हात सोड की,” सोपान म्हणाला.

हात सोडले. वाचणाऱ्या पोरींनो, ज्यांनी कधी डोक्यावर, कडेवर, हातात काही ना काही घेतल्याशिवाय पाऊल टाकलं नाही, त्यांना विचारा मोकळ्या हातांनी पळणं काय असतं ते. तोलच सापडेना. पाय पुढे गेले, अंग मागे राहिलं, मग अंग पुढे आलं आणि पाय कुठे गेले कळलं नाही. मी तोंडावर आपटले. नाकातोंडात माती. लाजेने तशीच पडून राहिले, तो उचलायला येईल म्हणून.

तो उठला नाही. तिथूनच ओरडला, “फुटलीस का?”

मी हातपाय चाचपले.

“न्हाई.”

“मंग पळ!”